गाठीची कड कुठे संपते? माँट्रियलमधल्या रामन प्रोबचं प्रकरण

कवटी उघडलेली आहे. ग्लायोमाची, म्हणजे मेंदूतल्याच पेशींपासून वाढणाऱ्या कर्करोगाची, गाठ बरीचशी काढून झाली आहे आणि ती होती तिथे आता पोकळी उरली आहे. सर्जनसमोरच्या पडद्यावर ऑपरेशनच्या आधी काढलेला एमआरआय आहे, डोळ्यांपुढे मायक्रोस्कोप आहे. पोकळीची भिंत इथून तिथवर सारखीच दिसते: फिकट, ओलसर, मध्येच रक्ताचा ठिपका. त्या भिंतीत कर्कपेशी उरल्यात का, आणि उरल्या असतील तर किती आतपर्यंत, हे ना पडदा सांगतो ना मायक्रोस्कोप. आणखी पाच मिलिमीटर काढलं तर कदाचित उरलेल्या पेशी निघतील. कदाचित त्या माणसाचे शब्द जातील, किंवा उजवा हात.

हे प्रकरण त्या भिंतीचं आहे. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधले मेंदूशल्यविशारद केव्हिन पेट्रेका आणि त्याच शहरातल्या पॉलिटेक्निकमधले फ्रेडरिक लेब्लाँ यांच्या गटाने या प्रश्नाला प्रकाशाने उत्तर देऊन पाहिलं. ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांचा लेख आला. १७ रुग्ण, हातात धरून मेंदूला टेकवायचा एक बारीक प्रोब, आणि प्रत्येक मापनाला एमआरआयवरचा पत्ता.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि एम.एस्सी.च्या मुलांकडून रामन वर्णपटाचं, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून रेणू ओळखण्याचं, प्रॅक्टिकल करून घेते. त्या लेखातल्या वर्णपटांत १००४ च्या आसपासचा एक सुळका पाहिला आणि थांबले, कारण तोच सुळका आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी निघतो. त्या सुळक्याचा धागा धरूनच हे प्रकरण मी वाचत गेले आणि तसंच इथे मांडते आहे.

ग्लायोमाला कड नसते

स्तनातली किंवा आतड्यातली गाठ काढताना सर्जन भोवतीचा थोडा निरोगी भागही सोबत काढतो. एखादा सेंटीमीटर जास्त गेला तर बहुधा चालतं. मेंदूत ती सोय नाही. त्यातून ग्लायोमाचा स्वभावच असा की त्याच्या पेशी एका जागी राहत नाहीत. पांढऱ्या द्रव्यातल्या मज्जातंतूंच्या बाजूने, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने त्या सरकत जातात. मधोमध दाट गाठ, मग विरळ होत जाणारा पट्टा, आणि त्यापुढे निरोगी मेंदूत विखुरलेल्या एकेकट्या पेशी. लुगड्याला पडलेला तेलाचा डाग कुठे संपतो हे जसं बोट ठेवून दाखवता येत नाही, तसं.

बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्सचे वॉल्टर डँडी यांनी हा प्रश्न सर्वांत टोकाच्या मार्गाने सोडवून पाहिला. आधीच डावी बाजू लुळी पडलेल्या रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल त्यांनी काढला. अर्धा मेंदूच गेला तर गाठ राहणार कुठे, असा विचार. तरीही ग्लायोमा उलटला, काहींत दुसऱ्या बाजूला. डँडींनी हे प्रसिद्ध केलं ते १९२८ साली. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना विखुरलेल्या प्रकाशातला नवा परिणाम दिसला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो जोडला जायला ऐंशीहून जास्त वर्षं जावी लागली.

ग्लिओब्लास्टोमा हा यातला सर्वांत आक्रमक प्रकार. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे औषध या तिहेरी उपचारांचा जो मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्मे रुग्ण जेमतेम १४.६ महिने जगले, तेही औषध मिळालेल्या गटातले. गाठ परत येते ती बहुतेक वेळा मूळ जागेपासून २ सेंटीमीटरच्या आत. म्हणजे जो पट्टा सर्जनला दिसत नाही, नेमका तिथेच आजार परततो.

एमआरआय काय दाखवतो आणि काय नाही

रुग्णाच्या घरच्यांना फिल्मवर बोट ठेवून ‘ही गाठ’ असं सांगितलं जातं. त्या वेळी ते सोपं करून सांगणं गरजेचंच असतं, पण इथे थोडं आत शिरायला हवं. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या टी-१ चित्रात जो भाग पांढरा उजळतो, तिथे खरं तर रक्तवाहिन्यांची भिंत गळकी झालेली असते आणि शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्टचं द्रव्य, गॅडोलिनियम, त्या गळतीतून बाहेर येतं. टी-२ चित्रात उजळतं ते वाढलेलं पाणी, म्हणजे बरीचशी सूज. दोन्ही चित्रं पेशींच्या करणीची खूण दाखवतात, पेशी दाखवत नाहीत. जिथे कर्कपेशी इतक्या विरळ आहेत की भिंत अजून गळत नाही आणि सूजही नाही, तिथे एमआरआय निरोगी मेंदू दाखवतो आणि त्यात एमआरआयची चूक नसते.

एमआरआयच्याच यंत्रात स्पेक्ट्रोस्कोपी करता येते, आणि आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत ती होतेही. त्यात चित्राऐवजी रसायनांचे सुळके मिळतात. मज्जापेशी शाबूत असल्याची खूण म्हणजे एनएए, त्याचा सुळका २.० पीपीएमवर (आलेखाच्या आडव्या अक्षावरचं माप), पेशींच्या आवरणाची घाईची उलाढाल दाखवणारा कोलीन ३.२ वर. ग्लायोमात पहिला बसतो, दुसरा उठतो. आपल्या देशात याचा एक वेगळाच उपयोग आहे. मेंदूत अंगठीसारखा उजळणारा ठिपका दिसला की कर्करोगाच्या आधी क्षयाच्या गाठीचाही विचार करावा लागतो, आणि तिथे १.३ च्या आसपास मेदाचा मोठा सुळका डॉक्टरांना दिशा देतो. ज्या घरात ‘कॅन्सर’ ऐकायच्या तयारीने सगळे बसले होते तिथे ‘टीबी आहे, औषधं घ्या’ असं निघणं काय असतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारावं.

पण या तंत्राचा एक ठोकळा साधारण एका सेंटीमीटरचा. त्या ठोकळ्यात लाखो पेशींची सरासरी येते. गाठ कसली आहे हे विचारायला ते ठीक. भिंतीतला हा मिलिमीटर ठेवू की काढू, हे विचारायला ते फार जाडं पडतं.

१००४

आता प्रयोगशाळेत येऊ. रामनच्या प्रॅक्टिकलला पूर्वी बेंझीन वापरायचे. ते स्वतःच कर्करोगकारक आहे, म्हणून आम्ही टोल्युइन घेतो. काचेच्या छोट्या कुपीत टोल्युइन, त्यातून जाणारा हिरवा लेझर, आणि काटकोनात धरलेला स्पेक्ट्रोमीटर. खिडक्यांना काळं कापड, ट्यूबलाइट बंद, मोबाइल बाहेरच्या टेबलावर. एखाद्याने चुकून दार उघडलं की पडद्यावरचा आलेख उचंबळून येतो आणि सगळे ओरडतात.

इतकं जपायचं कारण असं की पदार्थावर पडलेला प्रकाश विखुरतो तेव्हा जवळजवळ सगळा आहे त्याच रंगाचा राहतो. कोटीतला एखादा फोटॉन रेणूला थोडी ऊर्जा देऊन, रंग किंचित बदलून बाहेर पडतो. किती ऊर्जा दिली हे त्या रेणूच्या थरथरण्यावर ठरतं, आणि प्रत्येक रेणूची थरथर वेगळी. टोल्युइनचा सर्वांत ठळक सुळका १००४ प्रति सेंटीमीटरच्या जवळ येतो. सहा कार्बनचं कडं छातीसारखं फुगतं नि आत येतं, त्या श्वासाची ही खूण.

आपल्या शरीरातल्या प्रथिनांत फिनाइलअॅलॅनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याच्या टोकाला हेच सहा कार्बनचं कडं लटकलेलं असतं, टोल्युइनसारखंच एका बाजूने बांधलेलं. म्हणून प्रथिनं असतील तिथे १००४ वर सुळका येतो, मग ते अंड्याचं पांढरं असो की मेंदू. त्याच्या पुढे-मागे बाकीची मंडळी: ७०० च्या आसपास कोलेस्टेरॉल, १४४० जवळ मेदाची लांब साखळी, १६५९ च्या आसपास प्रथिनांचा कणा.

निरोगी पांढऱ्या द्रव्यात मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं आणि मायलिन म्हणजे प्रामुख्याने मेद. कर्कपेशी दाटल्या की मेदाचा वाटा घटतो आणि प्रथिनं नि न्यूक्लिक आम्लांचा वाढतो, कारण भराभर दुभंगणाऱ्या पेशींची केंद्रकं भरगच्च असतात. वर्णपटाचा आकार बदलतो. एकही सुळका असा नाही की जो दिसला म्हणजे कर्करोग. फरक सगळ्या सुळक्यांच्या आपसातल्या प्रमाणात आहे. म्हणून डोळ्याने वाचण्याऐवजी संगणकाला शिकवावं लागतं.

प्रोब प्रत्यक्ष कसा चालला

प्रोब पेनासारखा हातात धरायचा. त्याच्या मधोमध एक तंतू ७८५ नॅनोमीटरचा लेझर खाली नेतो, भोवतीचे सात तंतू परत आलेला प्रकाश वर आणतात. टोक ऊतीला टेकवायचं. सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीचा ठिपका, खोली साधारण मिलिमीटरभर. एका मापनाला ०.२ सेकंद.

आमच्या प्रयोगशाळेत एका आलेखाला दहा-दहा सेकंद लागतात आणि आम्ही एका शुद्ध द्रवाकडे पाहत असतो. जिवंत, रक्ताळलेल्या, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हलणाऱ्या मेंदूवर ०.२ सेकंदात वाचता येण्याजोगा वर्णपट मिळवणं काय चीज आहे, हे ज्याने एकदा तरी रामनचा आलेख काढलाय त्याला लगेच कळेल. माझ्या मते या प्रकरणातलं खरं कसब इथे आहे, पुढच्या मशीन लर्निंगमध्ये कमी.

रंगाची निवड बघा. हिरवा लेझर वापरला असता तर ऊती स्वतःच चमकली असती आणि त्या चमकेत रामनचा क्षीण प्रकाश बुडाला असता. ७८५ ला ती चमक बरीच कमी होते. उरते ती गणिताने वजा करतात. रक्त आड आलं तर ते प्रकाश शोषतं, म्हणून जागा सलाइनने धुऊन घ्यायची. आणि मग दिवे. ७८५ च्या लेझरने १००४ चा सुळका ८५२ नॅनोमीटरला येतो, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये. डोळ्याला तिथे काळोख वाटतो, पण ऑपरेशन थिएटरमधले दिवे आणि मायक्रोस्कोपचा प्रकाश तिथपर्यंत पोचतात, आणि अवजारांची जागा टिपणारा नॅव्हिगेशनचा कॅमेरा तर इन्फ्रारेडवरच चालतो. सर्जनला ‘जरा दिवा बंद करा’ म्हणायचं आणि तेही मेंदू उघडा असताना! प्रत्येक मापनासाठी हे करणं रोजच्या कामात टिकणार नाही हे त्या गटानेही ओळखलं आणि २०१६ मध्ये त्यांनी दिव्यांच्या गोंधळातूनही वर्णपट ओळखायला न्यूरल नेटवर्क शिकवून पाहिलं. प्रयोगशाळा आणि थिएटर यांतलं अंतर या एका बारकाव्यात सगळं आलं.

आता चित्राशी सांगड. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये नॅव्हिगेशन असतं: अवजाराला परावर्तक गोळ्या लावलेल्या, कॅमेरा त्या पाहतो आणि अवजाराचं टोक आत्ता एमआरआयवर कुठे आहे हे पडद्यावर दाखवतो. प्रोब टेकवला की त्या बिंदूचा एमआरआयवरचा पत्ता नोंदवायचा आणि तिथलाच बारीक तुकडा बायोप्सीला घ्यायचा. एका ठिकाणाबद्दल तीन साक्षी गोळा झाल्या: चित्र काय म्हणतं, प्रकाश काय म्हणतो, आणि पॅथॉलॉजिस्टला पेशी दिसल्या का. पॅथॉलॉजिस्टचा शब्द अखेरचा.

ही जोडणी नसती तर वर्णपट म्हणजे नुसते सुटे कागद राहिले असते. ‘कर्कपेशी आहेत’ या वाक्याला ‘कुठे’ नसेल तर सर्जनला त्याचा उपयोग नाही, आणि ‘इथे गाठ संपते’ या चित्राच्या म्हणण्याला पेशींची साक्ष नसेल तर ते म्हणणं अंदाजाचं. दोन तंत्रं एका यंत्रात कोंबली म्हणजे जोड झाली असं अनेक लेखांत वाचायला मिळतं. इथे यंत्रं वेगळीच राहिली. जोड झाली ती पत्त्याने.

९३ आणि ९१

निष्कर्ष असा आला: सेन्सिटिव्हिटी ९३ टक्के, स्पेसिफिसिटी ९१ टक्के. म्हणजे पॅथॉलॉजिस्टला जिथे कर्कपेशी दिसल्या अशा १०० बिंदूंपैकी ९३ प्रोबने पकडले; जिथे दिसल्या नाहीत अशा १०० पैकी ९१ ना निरोगी म्हटलं. दाट गाठ ओळखणं सोपं असतं, ती डोळ्यालाही बऱ्याचदा कळते. इथे विरळ पेशी शिरलेला, दिसायला निरोगी वाटणारा मेंदूही याच आकड्यात धरलेला आहे. ते मोठं काम आहे आणि ते मला मनापासून भावलं.

तरी हा आकडा जपून हाताळायला हवा, आणि का ते एक साधं त्रैराशिक मांडून दाखवते. समजा पोकळीच्या भिंतीवर १०० ठिकाणी प्रोब टेकवला आणि त्यांतल्या ३० ठिकाणी खरोखर कर्कपेशी आहेत. प्रोब २८ पकडेल, २ सुटतील. उरलेल्या ७० निरोगी जागांपैकी ६ वर तो चुकून कर्करोग म्हणेल. एकूण ३४ इशारे, त्यांतले २८ खरे. उत्तम.

आता आणखी आत जा, जिथे १०० पैकी ५ च ठिकाणी पेशी आहेत. प्रोब जवळपास पाचही पकडेल. पण ९५ निरोगी जागांपैकी ८-९ ना तो कर्करोग म्हणेल. १३-१४ इशारे, त्यांतले फक्त ५ खरे. तोच प्रोब, तेच ९३ आणि ९१, पण गाठीपासून दूर गेलं की इशाऱ्यावरचा भरवसा उतरतो. आणि दूरच तर आपल्याला प्रोब हवा आहे. गाठीत तर डोळे पुरतात. खोटा इशारा मानून काढलेला मेंदू पुन्हा येत नाही. टक्केवारी वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा हे त्रैराशिक कोणी छापत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलं.

दुसरी अडचण नैतिक आहे आणि ती कधीच पूर्ण सुटणार नाही. केवळ अभ्यासासाठी कुणाच्या निरोगी मेंदूचा तुकडा घेता येत नाही. बायोप्सी घ्यायची ती जिथून तसंही काही काढायचं होतं तिथूनच. म्हणजे संगणकाने ‘निरोगी’ म्हणून जे पाहिलं तेही गाठीच्या शेजारचंच होतं. खरोखर निरोगी मेंदूचा वर्णपट त्याने शिकलेलाच नाही. तिसरी अडचण मापाची. प्रोबचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, बायोप्सीचा चिमटा त्याहून मोठा. त्यामुळे प्रकाशाने पाहिलेली पेशी आणि पॅथॉलॉजिस्टने पाहिलेली पेशी शेजारी असतील, एकच असेल असं नाही.

एमआरआयच्या पलीकडे किती

२०१६ मध्ये याच गटाचा आणखी एक लेख आला आणि प्रकरणाचं मर्म मला त्यात दिसतं. प्रोबने कर्कपेशी दाखवलेले बिंदू त्यांनी एमआरआयवरच्या कडेपासून मोजले. टी-१ वर उजळलेल्या कडेपासून ३.७ सेंटीमीटरपर्यंत आणि टी-२ च्या कडेपासून २.४ सेंटीमीटरपर्यंत पेशी सापडल्या.

हाताचं पहिलं बोट समोर धरा. टोकापासून पहिल्या पेरापर्यंत साधारण अडीच सेंटीमीटर. एमआरआयच्या सर्वांत उदार कडेपासून तेवढं पलीकडे, जिथे चित्र ‘सगळं ठीक’ म्हणत होतं, तिथे आजार होता.

या अंतरांत थोडी ढिलाई धरायला हवी. कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी निघालं, गाठ काढली की मेंदू खाली बसतो. काही मिलिमीटर, कधी सेंटीमीटरभर. पडद्यावरचा एमआरआय मात्र ऑपरेशनच्या आधीचाच असतो. त्यामुळे पत्ता जितका वेळ जाईल तितका शिळा होतो. म्हणून ३.७ हा आकडा मी दशांशापर्यंत पवित्र मानत नाही. पण मिलिमीटरांची चूक वजा केली तरी सेंटीमीटर उरतात.

प्रकाशाचा आणखी एक उपाय आधीपासून वापरात आहे. रुग्णाला ऑपरेशनपूर्वी ५-एएलए नावाचं औषध प्यायला देतात, गाठीच्या पेशींत त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन तयार होतं आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात गाठ लालसर चमकते. जर्मनीत झालेल्या ३२२ रुग्णांच्या अभ्यासात, जो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, उजळणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेलं. सर्जनला हे आवडतं, कारण अख्खं दृश्य एका नजरेत दिसतं. पण कमी दर्जाचे, म्हणजे सावकाश वाढणारे, ग्लायोमा बहुधा चमकत नाहीत, आणि विरळ पट्ट्यात ती लाली फिकी पडत नाहीशी होते. रामन प्रोबला औषध प्यावं लागत नाही, तो विरळ पेशी पकडतो. पण एका वेळी अर्धा मिलिमीटर. अख्खी भिंत ठिपक्या-ठिपक्याने तपासायची तर सकाळची दुपार होईल. म्हणून कुठे टेकवायचं हे चित्रानेच सांगावं लागतं. एमआरआयला बाजूला सारून प्रोब चालत नाही.

पुढे काय झालं

२०१७ मध्ये त्यांनी रामनच्या जोडीला ऊतीची स्वतःची चमक आणि परावर्तित प्रकाश, असे तीन वर्णपट एकत्र वाचले. मेंदूसोबत फुफ्फुस, मोठं आतडं आणि त्वचेच्या कर्करोगावरही पाहिलं. अचूकता ९७ टक्के, सेन्सिटिव्हिटी १००, स्पेसिफिसिटी ९३. रुग्ण थोडे असताना आलेले १०० टक्के मी ९३ टक्क्यांपेक्षा जास्त सावधपणे वाचते. नंतर हेच तंतू बायोप्सीच्या सुईतही बसवून पाहिले, म्हणजे तुकडा घेण्याआधीच सुई योग्य जागी आहे का ते कळावं; कधी कधी सुईत नुसतं मृत ऊतीचं द्रव्य येतं आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. २०२४ मध्ये एकाहून जास्त रुग्णालयांतल्या ६७ रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात शरीरात इतरत्र सुरू होऊन मेंदूत पसरलेले कर्करोग आणि मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या गाठीही, होत्या.

आपल्याकडेही या वाटेने काम झालं आहे आणि तेही खारघरला. टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक केंद्रात रामन वर्णपटाचा वापर तोंडाच्या कर्करोगासाठी झाला. तो योग्यच होता. भारतातल्या पुरुषांत ओठ-तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त. तंबाखू-मिश्री आणि गुटखा यांनी आपली गावंच्या गावं पोखरली आहेत. आणि तोंड तपासायला कवटी उघडावी लागत नाही. रुग्णाने आ केला की प्रोब गालाच्या आतल्या बाजूला टेकतो. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली जी माँट्रियलच्या गोष्टीची सख्खी बहीण वाटते: एका गालात गाठ असलेल्या रुग्णाच्या दुसऱ्या, दिसायला निरोगी गालाचा वर्णपट तंबाखू न खाणाऱ्या माणसाच्या गालापेक्षा वेगळा येतो. डोळ्याला दिसणारी कड तिथेही खरी कड नव्हती. माझ्या वर्गात सातारा-सोलापूरकडची मुलं असतात. हा आलेख दाखवते तेव्हा खिशातली पुडी चाचपणारा एखादा हात मला दिसतो आणि मी तो दिसला असं दाखवत नाही, पण आलेख जरा जास्त वेळ ठेवते.

तिसरा नकाशा

माँट्रियलच्या ज्या संस्थेत हे सगळं झालं ती १९३४ मध्ये वाइल्डर पेनफील्ड यांनी उभी केली. पेनफील्ड रुग्णाला जागं ठेवून मेंदूचं ऑपरेशन करत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. विजेची बारीक सुई टेकवायची. बोट हललं की ही बोटाची जागा, बोलता बोलता शब्द अडला की ही भाषेची. कागदाच्या चिमुकल्या तुकड्यांवर आकडे लिहून ते मेंदूवर ठेवत जायचे. आजही भाषेच्या जवळची गाठ असली की रुग्णाला जागं ठेवतात आणि चित्रं दाखवून नावं विचारतात: छत्री, मांजर, खुर्ची.

आता सुरुवातीच्या भिंतीकडे परत या. एमआरआय म्हणतो, गाठ संपली. प्रोब म्हणतो, इथे पेशी आहेत. विजेची सुई म्हणते, हे शब्दांचं घर आहे. सर्जन ती जागा सोडतो आणि माझ्या मते बरोबर करतो. ज्या माणसाला पुढचं वर्ष-दीड वर्षच मिळणार असेल, त्याने ते घरच्यांशी बोलत काढावं.

मग त्या मापनाचा उपयोग काय, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. बिंदू मागे राहिला, पण पत्ता सोबत आला. ऑपरेशननंतर रेडिएशन देताना पोकळी आणि उरलेल्या गाठीभोवती साधारण दीड-दोन सेंटीमीटरचा पट्टा सगळीकडे धरतात, कारण पेशी कुठल्या दिशेला गेल्या हे माहीत नसतं. ज्या बाजूला प्रोबने २.४ सेंटीमीटरवर पेशी दाखवल्या त्या बाजूला पट्टा वाढवता येईल का, हे त्या पत्त्यावरून विचारता येतं. आणि रुग्णाचे एमआरआय तर पुढे दर दोन-तीन महिन्यांनी होतच राहतात. प्रोबने कर्करोग म्हटलेले पण न काढलेले बिंदू आणि निरोगी म्हटलेले बिंदू, दोन्ही त्या चित्रांवर ठेवायचे आणि गाठ कुठल्या बिंदूंपाशी परत उजळते ते पाहायचं. तिथे पॅथॉलॉजिस्टच्या चिमट्याची गरज नाही. आजार स्वतःच साक्ष देतो. ९३ आणि ९१ पेक्षा मला या मोजणीची जास्त उत्सुकता आहे.

या वर्षी प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये टोल्युइनच्या आलेखाशेजारी मेंदूचा आलेख डकवायला सांगितला आहे, आणि दोन्हीकडे १००४ वर लाल पेनने खूण.